शिडाच्या बोटीने इंग्लिश खाडीपलीकडे: आराखडा शेवटच्या बंदरापासून मांडा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ आयल ऑफ वाइट हे बेट आहे. त्याच्या पश्चिम टोकाला नीडल्स नावाचे खडूचे पांढरे सुळके समुद्रात उभे आहेत. तिथून जवळजवळ सरळ दक्षिणेला, साधारण ६० सागरी मैलांवर फ्रान्सचं शेरबूर बंदर लागतं. दहा-अकरा मीटरची शिडाची बोट सरासरी ५ नॉटने, म्हणजे ताशी ५ सागरी मैलांनी चालली, तर हे बारा तासांचं अंतर. पहिल्यांदा परदेशी बंदर गाठायला निघणारे बहुतेक जण हा बाराचा आकडा धरतात, सकाळी लवकर निघायचं ठरवतात आणि बाकीचं वाटेत बघू म्हणतात.

हा हिशेब उलट्या टोकाने करायचा असतो. सुट्टीतल्या सगळ्यात अवघड बंदराचं दार कधी उघडतं ते आधी पाहायचं आणि तिथून एकेक पाऊल मागे येत निघायची वेळ काढायची. कारण या पाण्यात बोटीच्या वेगाइतकाच समुद्राचाही वेग असतो आणि समुद्राचं वेळापत्रक आपल्याला बदलता येत नाही. ते वर्षभर आधी छापलेलं असतं, एवढी मात्र सोय आहे.

तिथीपासून सुरुवात

अमावस्या-पौर्णिमेनंतर दीड-दोन दिवसांनी उधाण येतं, अष्टमीनंतर तसाच भांग, म्हणजे मंद भरती, येतो. उधाणात भरती जास्त चढते, ओहोटी जास्त उतरते आणि प्रवाह जोरात वाहतो. भांगात प्रवाहाचा जोर उधाणाच्या निम्म्यावर येतो. उधाणापासून भांगापर्यंत साधारण सात दिवस लागतात. म्हणजे पंधरा दिवसांच्या सुट्टीत दोन्ही अनुभवायला मिळणार, कोणतं कुठे हवं एवढंच तुमच्या हातात आहे.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही. एकाच बंदरात उधाणाची भरती दर वेळी दिवसाच्या जवळपास त्याच वेळेला येते. इंग्लंडच्या डोव्हर बंदरात उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास असते, भांगाची सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला. इंग्लिश खाडीतल्या प्रवाहांचे ब्रिटिश नकाशे डोव्हरच्या भरतीला शून्य धरून तासातासाने काढलेले असतात. त्यामुळे नुसती तिथी कळली, तरी त्या दिवशी कुठला प्रवाह सकाळी तुमच्या बाजूने असेल आणि कुठला रात्री, याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो. अचूक वेळा नंतर तक्त्यातून घ्यायच्याच. फ्रेंच तक्त्यांत भरतीचा जोर २० ते १२० या अंकांत दिलेला असतो. ४५ म्हणजे सरासरी भांग, ९५ म्हणजे सरासरी उधाण. अंक शंभराच्या वर दिसला की त्या दिवशीचा अवघड टापू पुढे ढकलावा.

उंबरठा

आता एक नेहमीचा कार्यक्रम घेऊ: नीडल्सहून शेरबूर, तिथून गर्न्सी बेटावरचं सेंट पीटर पोर्ट, मग परत. यात शेरबूर सोपं आहे. १७८३ ते १८५३ अशी सत्तर वर्षं खपून बांधलेल्या प्रचंड बांधाआड ते आहे आणि कुठल्याही भरती-ओहोटीत, दिवसा-रात्री आत जाता येतं. अवघड आहे ते सेंट पीटर पोर्ट. तिथल्या व्हिक्टोरिया मरीनाच्या, म्हणजे छोट्या बोटींच्या गोदीच्या, तोंडाशी पाण्याखाली एक उंबरठा बांधलेला आहे. ओहोटीला बाहेरचा समुद्र उतरला तरी आतलं पाणी अडून राहावं आणि बोटी तरंगत्या राहाव्यात, हे त्याचं काम. हा उंबरठा नकाशातल्या शून्य पातळीच्या वर ४.२ मीटर आहे.

तुमच्या बोटीचा तळ पाण्याखाली १.८ मीटर जातो असं धरा. अर्धा मीटर हाताशी ठेवा. ४.२ अधिक १.८ अधिक ०.५ म्हणजे ६.५. त्याच शून्यापासून मोजलेली भरतीची उंची ६.५ मीटरच्या वर असेल तेवढाच वेळ आत जाता येईल.

हा वेळ काढायला बाराव्या हिश्श्याचा जुना नियम आहे. भरती उतरायला साधारण सहा तास लागतात. एकूण उताराचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. सेंट पीटर पोर्टला सरासरी उधाणात भरती ९.३ मीटर आणि ओहोटी १.४ मीटर असते. उतार ७.९ मीटर, म्हणजे एक भाग सुमारे ०.६६. भरतीनंतर तासाने पाणी ८.६ वर येतं, दोन तासांनी ७.३ वर, तीन तासांनी ५.३ वर. म्हणजे ६.५ ची पातळी भरतीनंतर साधारण दोन तास पंचवीस मिनिटांनी येते आणि भरतीआधीही तितकाच वेळ. जवळजवळ पाच तास दार उघडं.

भांगात हेच गणित करा. भरती ७.०, ओहोटी ३.६, एक भाग ०.२८. इथे ६.५ ची पातळी भरतीनंतर एक तास वीस मिनिटांतच येते. दार अडीच-पावणेतीन तासच उघडं राहतं. आणि भांग नेहमीपेक्षा मंद असेल, भरती ६.४ मीटरच चढणार असेल, तर या बोटीला त्या दिवशी आत जाताच येणार नाही. भांगात समुद्र शांत म्हणून निर्धास्त निघालेली बोट उंबरठ्याबाहेर अडकते ती अशी. आत शिरलेली बोट तिथून बाहेर पडायलाही याच दाराची वाट पाहते. सुट्टीचे दोन दिवस असे जाऊ शकतात.

आता मागे या. उधाणाचा दिवस, डोव्हरची भरती दुपारी १२ वाजता. तेव्हा सेंट पीटर पोर्टची भरती संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला असते, म्हणजे दार पाच-सव्वापाचला उघडेल. शेरबूरहून तिथे जाताना ऑल्डर्नी बेट आणि फ्रान्सचं काप द ला आग हे टोक यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून जावं लागतं. त्याला ऑल्डर्नी रेस म्हणतात. उधाणात इथे काही जागी ८ नॉटहून जास्त प्रवाह असतो. ५ नॉटची बोट त्याच्याविरुद्ध लावली, तर शिडं फुगलेली असूनही ती मागे मागे जाते. नैर्ऋत्येकडे जाणारा प्रवाह इथे डोव्हरच्या भरतीच्या सुमाराला सुरू होतो. म्हणून टोकाशी १२ वाजता पोचायचं. शेरबूरपासून टोक १५ मैल, तीन तास, म्हणजे नऊला निघायचं. सुदैवाने किनाऱ्यालगत पश्चिमेकडे जाणारा प्रवाह मुख्य प्रवाहाच्या सुमारे तीन तास आधीच वाहू लागतो, त्यामुळे नऊला निघालेल्या बोटीला पहिल्या मैलापासून साथ मिळते. रेसमधून प्रवाहावर स्वार होऊन बोट साडेतीन-चारला सेंट पीटर पोर्टबाहेर हजर होते. बाहेरच्या थांब्याच्या पाँटूनला (तरंगत्या धक्क्याला) बांधून चहा घ्यायचा आणि सव्वापाचला आत.

ह्या सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेच्या आहेत. उन्हाळ्यात ब्रिटिश घड्याळ तिच्या एक तास पुढे असतं, फ्रेंच घड्याळ दोन तास. शेरबूरच्या धक्क्यावरच्या घड्याळात नऊ वाजता सुटलेली बोट या हिशेबाने दोन तास आधी सुटली. तीही उलट्या प्रवाहात. म्हणून बोटीवर एक घड्याळ पूर्ण सुट्टीभर प्रमाणवेळेवरच ठेवावं आणि प्रत्येक तक्त्याच्या वर, तो कुठल्या वेळेत छापला आहे ते पेनाने लिहावं. खर्च शून्य आणि सगळ्यात जास्त चुका टळतात त्या यानेच.

रेघेवर राहायचा मोह

नीडल्स ते शेरबूर जाताना प्रवाह आडवा असतो. साधारण सहा तास पूर्वेकडे, सहा तास पश्चिमेकडे. जीपीएसच्या पडद्यावर सरळ रेघ दिसते आणि सुकाणूवरच्या माणसाचा जीव तिच्यात अडकतो. बोट रेघेपासून जरा सरकली की तो तोंड वळवून तिला परत आणतो. हे बरोबर वाटतं, पण त्याची किंमत मोजावी लागते.

पहिल्या सहा तासांत पूर्वेकडे ०.६, १.८, २.६, २.४, १.६, ०.६ नॉट असा प्रवाह आहे असं धरू. बेरीज ९.६ मैल. पुढच्या सहा तासांत पश्चिमेकडे ०.५, १.६, २.४, २.५, १.५, ०.६. बेरीज ९.१ मैल. दोन्हींचा फरक अर्धा मैल. ६० मैलांवर एक मैल आडवं सरकणं म्हणजे जवळजवळ एक अंश, तेव्हा अर्ध्या मैलासाठी अर्धा अंश. म्हणजे होकायंत्रावर बोटीचं तोंड बारा तास जवळपास दक्षिणेलाच धरायचं. सहाव्या तासाला बोट रेघेच्या साडेनऊ मैल पूर्वेला गेलेली दिसेल. दिसू द्या. पुढचे सहा तास तिला परत आणतात. बोटीचा मार्ग पडद्यावर वळणदार दिसतो, पण पाण्यातून ती सरळच चाललेली असते.

रेघेला चिकटून राहिलेल्या बोटीचं काय होतं? २.५ नॉटचा आडवा प्रवाह कापताना ५ नॉटच्या बोटीला तोंड ३० अंश तिरकं धरावं लागतं आणि पुढे सरकायचा वेग ४.३ नॉट उरतो. तासातासाची बेरीज केली, तर बारा तासांत ती ५६ मैल जाते. चार मैल मागे राहते. बंदराच्या तोंडाशी प्रवाह पुन्हा फिरण्याच्या वेळी हे चार मैल फार जड जातात.

या पद्धतीची मेख वेगात आहे. हिशेब ५ नॉटचा आणि वारा पडल्यामुळे बोट ४.३ नॉटनेच चालली, तर बाराऐवजी चौदा तास लागतील. शेवटच्या दोन तासांत पूर्वेचा नवा प्रवाह सुरू झालेला असेल आणि तो आणखी २.४ मैल सरकवेल. म्हणून दर तासाला वहीत जागा, वेग आणि वेळ लिहायची, आणि निम्म्या वाटेवर उरलेल्या तासांचा हिशेब नव्याने करायचा. तेव्हा दोन-तीन अंशांनी काम भागतं. बंदर दिसू लागल्यावर जाग आली, तर तीस अंशांनीही भागत नाही. शंका असेल तर बंदराच्या त्या बाजूला पोचा जिकडून प्रवाह येतोय. मग तोच तुम्हाला दारापाशी आणून सोडतो.

जहाजं

या वाटेवर जहाजांचे दोन प्रवाह आडवे लागतात. इंग्लंडच्या बाजूला पश्चिमेकडे जाणारी, फ्रान्सच्या बाजूला पूर्वेकडे जाणारी. दक्षिणेला जाताना पहिल्या अर्ध्यात जहाजं डावीकडून येतात, दुसऱ्या अर्ध्यात उजवीकडून. २० नॉटचं जहाज सहा मैलांवर दिसलं, तर ते तुमच्या जागी यायला अठरा मिनिटं लागतात. हातातल्या होकायंत्राने त्याची दिशा घ्या, तीन मिनिटांनी पुन्हा घ्या, पुन्हा घ्या. दिशा बदलत नसेल आणि जहाज मोठं होत असेल, तर टक्कर ठरलेली आहे. वळायचं तर लवकर आणि ठळक वळा, तीस अंशांहून कमी नको, म्हणजे जहाज चालवणाऱ्यांना ते दिसेल. पाच-पाच अंशांची चुळबुळ तिकडे कुणाला कळत नाही.

शिडं वर असली आणि इंजिनही चालू असलं, तर नियमांच्या दृष्टीने तुमची बोट यांत्रिक बोट ठरते. शिडाच्या बोटीचा मान तेव्हा मिळत नाही आणि पुढच्या बाजूला टोक खाली केलेला काळा शंकू लावावा लागतो. डोव्हरच्या सामुद्रधुनीत जहाजांच्या वाटा नकाशावर आखून दिलेल्या आहेत. तिथे ओलांडताना बोटीचं तोंड वाहतुकीला काटकोनात हवं. तोंड, मार्ग नव्हे. प्रवाहाने बोट तिरकी सरकली तरी चालते. तोंड तिरकं करून मार्ग काटकोनात आणायला गेलात, तर जहाजांसमोर जास्त वेळ राहाल आणि नियमही मोडाल. या वाटांमध्ये शिडाच्या बोटीने वाटेने जाणाऱ्या यांत्रिक जहाजाला अडथळा करायचा नसतो.

वारा

दक्षिणेला जायला पूर्वेचा किंवा पश्चिमेचा, वाऱ्याचा जोर मोजायच्या ब्यूफोर्ट मापावर ३ ते ४ जोराचा वारा उत्तम. नेमका दक्षिणेचा वारा असेल तर बोट त्याच्या ४५ अंशांच्या आत जाऊ शकत नाही, नागमोडी जावं लागतं आणि ६० मैलांचे सुमारे ८५ होतात. बारा तासांचे सतरा. अशा दिवशी निघू नये.

वाऱ्याचा आकडा एकटा वाचायचा नसतो, प्रवाहाशी जोडून वाचायचा. १५ नॉटचा वारा आणि त्याच दिशेने वाहणारा ३ नॉटचा प्रवाह असेल, तर पाण्याला वारा १२ नॉटचा लागतो. सहा तासांनी प्रवाह उलटला की तोच वारा पाण्याला १८ नॉटचा लागतो. शिवाय उलट्या प्रवाहात लाटा आखूड होतात आणि उभ्या राहतात. आकाश तेच, अंदाज तोच, पण सकाळचा सुखद समुद्र दुपारी बोटीला आपटायला लागतो. ऑल्डर्नी रेसमध्ये उधाण आणि समोरून ताजा वारा असा योग असेल, तर लहान बोटीने तिथे असूच नये.

बोट

इंजिन किनाऱ्यालगतच्या फेऱ्यांमध्ये नीट चालतं आणि खाडीच्या मध्यावर बंद पडतं, यामागे एक ठरलेलं कारण असतं. डिझेलच्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं गाळ आणि पाणी साचलेलं असतं. बोट पहिल्यांदाच तासन्‌तास हेलकावते तेव्हा तो गाळ उसळून फिल्टरमध्ये जातो. इंजिनाचा आवाज आधी वरखाली होतो, मग ते गुदमरून थांबतं. निघण्याआधी फिल्टरखालच्या पारदर्शक वाटीत बॅटरीचा उजेड टाकून पाहा. तळाला पाण्याचा थर किंवा काळपट कण दिसले, तर टाकी साफ होईपर्यंत निघू नका. दोन फिल्टर जवळ ठेवा आणि बदलून नळीतली हवा काढायचा सराव धक्क्यावरच करा. हेलकावणाऱ्या बोटीत, डिझेलच्या वासात तो पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये.

इंजिन सुरू केल्याबरोबर मागे जाऊन धुराड्याच्या नळीतून पाणी पडतंय ना ते पाहा. पाणी येत नसेल, तर पंपातला रबरी पंखा गेला असण्याची शक्यता जास्त. पंखा बदलताना पाती मोजा. तुटलेली पाती पुढे थंडाव्याच्या नळ्यांत अडकलेली असतात, ती काढली नाहीत तर नवा पंखा घालूनही इंजिन तापतं. डिझेल ताशी तीन लिटर धरा, बारा तासांना ३६, वर निम्मं जास्त ठेवा. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर. बोट लागण्याची गोळी निघण्याआधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही.

कागद

युरोपीय संघात ब्रिटनहून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा फ्रिज फ्रान्समध्ये भरा. बोटीचं नोंदणीपत्र, विमा, रेडिओचा परवाना, रेडिओ चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र आणि तांडेलाचं आंतरराष्ट्रीय कौशल्य प्रमाणपत्र, सगळं मूळ प्रतीत. बोट भाड्याची असेल, तर करारात आणि विम्यात खाडी ओलांडायची परवानगी शब्दांत लिहिलेली आहे का ते वाचा. बरेचदा नसते. ब्रिटनहून सुटताना आणि परत येताना सुटण्याच्या २४ तास ते २ तास आधी बोटीची आणि माणसांची माहिती सीमा दलाकडे ऑनलाइन भरावी लागते. फ्रान्समध्ये पहिला थांबा अधिकृत प्रवेश बंदरातच करायचा.

शेंगेन व्हिसा लागणाऱ्या प्रवाशांसाठी एक खाच आहे. गर्न्सी आणि जर्सी ही बेटं शेंगेन क्षेत्रात नाहीत. शेरबूर, मग गर्न्सी, मग फ्रान्सचंच साँ-मालो बंदर असा मार्ग आखला, तर शेंगेनमध्ये दोनदा प्रवेश होतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा साँ-मालोला चालणार नाही. अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा मागा. गर्न्सीची जकातही वेगळी आहे. तिथे पोचल्यावर पिवळा क्यू झेंडा चढवून फॉर्म भरायचा आणि मोकळीक मिळाली की तो उतरवायचा.

परतीचा दिवस

पंधरा दिवसांत पाच दिवस वाऱ्यासाठी राखून ठेवा आणि त्यातले निदान तीन परतीच्या बाजूला. सोमवारी कामावर हजर व्हायचं म्हणून रविवारी ब्यूफोर्ट ६ मध्ये निघालेल्या बोटीवर जे ओढवतं, ते बोटीच्या दोषामुळे सहसा नसतं. निघण्यापूर्वीच सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवा की वारा बसला नाही, तर बोट शेरबूरच्या मरीनात राहील आणि माणसं फेरीबोटीने इंग्लंडमधल्या पूल (Poole) किंवा पोर्ट्समथ बंदराला परततील. त्यासाठी मरीनाचा आठवड्याचा दर आणि फेरीच्या वेळा आधीच वहीत लिहून ठेवा. किनाऱ्यावरच्या एका विश्वासू माणसाकडे मार्ग, बोटीचं वर्णन, माणसांची नावं आणि 'या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर तटरक्षकांना कळव' अशी वेळ लिहून द्या. पोचल्यावर दोऱ्या बांधून झाल्या की पहिला फोन त्याला.